चोवीस तास जागा माणूस

कुरुळी, ४ ऑगस्ट २०२५

चि. अनुयास,
मामाचे अनेक आशीर्वाद. माझा मोबाइल आमच्या कंपनीने तपासासाठी ठेवून घेतलाय, म्हणून पत्र. संताप अजून उतरलेला नाही.

सव्वीस वर्षं कारखान्याच्या एका खात्यात काढली आणि शुक्रवारी गेटवर कामावरून थांबवल्याची नोटीस हातात दिली. माझ्या नावाने दिवसरात्र लॉगिन चालू असतं, म्हणजे मी पासवर्ड बाहेर देऊन कंपनीची ड्रॉइंग चोरतोय, असा यांचा शोध! अगं, शिफ्ट बदलताना लॉगआउट केलं की मशीन पुन्हा सुरू व्हायला वीस मिनिटं जातात. म्हणून सगळे माझ्याच नावावर काम करतात. पासवर्ड मीच फळ्यावर खडूने लिहिलाय. सुपरवायझरला सगळं ठाऊक होतं. आता तो कानांवर हात ठेवतोय.

गेल्या महिन्यात तू ताथवड्याहून पेढे घेऊन आलीस. कंपन्यांच्या लॉगिनच्या नोंदी तपासणारा तुझा प्रोग्राम संशयित ओळखायला शिकला, पहिल्याच फटक्यात चाकणच्या कारखान्यात चोवीस तास जागा माणूस सापडला, असं सांगत होतीस. मी दोन पेढे खाल्ले. तो माणूस मीच गं.

येत्या सोमवारी चौकशी आहे. तुझी मामी घराबाहेर पडत नाही. मला उत्तर हवंय, सांत्वन नको.
तुझा,
दौलतमामा

ताथवडे, ७ ऑगस्ट २०२५

ती. दौलतमामांस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून लाज वाटली. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. पण त्या सबबीमागे मी लपणार नाही. प्रोग्रामला आधी नेहमीचं वागणं शिकवावं लागतं. मी ते ऑफिसातल्या नोंदींवरून शिकवलं: एक माणूस, एक टेबल, नऊ ते सहा. तुमच्याकडे शिफ्ट कशी बदलते, हे विचारायला एकदाही आले नाही.

तरी प्रोग्राम चोर म्हणाला नव्हता, मामा! काहीतरी वेगळं आहे, विचारून बघा, एवढंच त्याने दाखवलं होतं. विचारायची तसदी कुणी घेतली नाही. चूक लेखी कळवू म्हटलं, तर आमच्या साहेबांनी गप्प बसायला सांगितलं. मी बसले नाही. माझ्या सहीचं पत्र तुमच्या कंपनीला गेलंय. काढलंच मला, तर मामीच्या हातची भाकरी खायला येईन.

फळ्यावर पासवर्ड लिहिल्याबद्दल मात्र तुम्हाला एकदा रागवू द्या.
तुमची,
अनुया

कुरुळी, १२ ऑगस्ट २०२५

चि. अनुयास,
आशीर्वाद. काल चौकशी झाली. तुझं पत्र वाचून आमचे साहेब म्हणाले की कॉम्प्युटर चुकत नसतो. तेवढ्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा बरकत न विचारता आत आला, मागे खात्यातले दहाजण. कुठल्या वेळी माझ्या नावावर कोण काम करत होतं, ते सगळं लिहून खाली अकराजणांनी सह्या केल्या होत्या. नोकरी त्यांचीही गेली असती. मला रडू आलं, लपवत नाही.

कामावर घेतलं, वर माझ्याकडूनच माफीनामा मागितला! पासवर्डबद्दल दिला. त्यातल्या चोरीच्या ओळीवर मी काट मारली. त्यांच्या तोंडून माफीचा अजून एक शब्द नाही.

मोबाइल मिळाला, तरी हे मुद्दाम कागदावर लिहितोय, जपून ठेव. तुझ्या साहेबांनी तुला ठेवलं की काढलं, ते कळव. काहीही झालं तरी सोमवारी सकाळी साडेसहाला गेटवर ये, पास मी काढून ठेवतो. शिफ्ट कशी बदलते ते डोळ्यांनी बघ. आधी तू शीक, मग तुझ्या प्रोग्रामला शिकव.

राग अजून आहे, माया त्याहून जुनी आहे.
तुझा,
दौलतमामा

ता. क. येताना पेढे आणू नकोस.