माहेरची माती

माय, मी आता खांडबाऱ्याला शाळेत शिकवते. आज रविवार आहे, मुली नाहीत, आणि शाळेमागच्या वाफ्याजवळच्या पायरीवर बसून तुला लिहिते आहे. तू हयात असतीस तरी तुला हे वाचता आलं नसतं, आणि मी वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असतीस, ही कोणाची बोली? आपली बोली मी धुळ्याला मामाच्या घरी राहून, शाळेत हसू होऊ नये म्हणून, जिभेवरून पुसत गेले. बोलताना अजून येते, कागदावर उतरत नाही. तेवढं चालवून घे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती पुरी सांगायची आहे. अर्धी सांगितली तर तुला फार बरं वाटेल, म्हणूनच मला अर्ध्यावर थांबायची भीती वाटते.

आपल्या विहिरीच्या थारोळ्याशेजारचा वाफा मला घरापेक्षा नीट आठवतो. दरवर्षी रोपं तिथेच व्हायची, कारण मोटेचं सांडलेलं पाणी आपोआप तिकडे जायचं. वांग्याचं आणि मिरचीचं बी तू राखेत चोळून पेरायचीस, आणि सगळं गाव रोपं तुझ्याकडून न्यायचं. तुझ्या हाताला गुण आहे, म्हणायचे. अजून डोळ्यांपुढे येतं: तू वाफ्यात उकिडवी बसली आहेस, ओल्या मातीत बोटं खुपसून रोप खालून उचलते आहेस, मुळाभोवतीचा गोळा हलकेच दाबते आहेस आणि पळसाच्या पानात ठेवते आहेस. दुसऱ्या बायका रोपं उपटून, माती झटकून, जुड्या बांधून द्यायच्या. तुला ते बघवत नसे. एकदा तापीपलीकडचा एक म्हातारा शेतकरी हसून म्हणाला, "रोप देस का पोर वाटे लावस, बाई?" तू मान वर न करता म्हणालीस, "सासरे जाई ऱ्हायनी ती. माहेरनी माटी नको का तिले?" पुढे तो म्हातारा दर आषाढात 'मन्ह्या सुना तयार शेतस का' असं ओरडतच यायचा आणि तू पदर तोंडाशी धरून हसायचीस. हळूहळू गावात ती रीतच पडली. तुझं रोप म्हणजे मातीसकट रोप.

मग एका वर्षी ती रोपं जिथे जिथे लागली तिथे खुजी राहिली. पाणी असूनही दुपारी माना टाकायची, पानं पिवळी पडायची. उपटून पाहिली तर मुळांवर गाठीच गाठी, दोऱ्यात मणी ओवावेत तशा. पहिल्या वर्षी लोकांनी पावसाला दोष दिला, मग बियाण्याला, आणि मग तुला, कारण ज्याच्या वावरात तुझी रोपं नव्हती त्याचं वांगं हिरवंगार होतं. काकू, आपल्याच घरातली, तुझ्या शेजारी बसून भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, हात उतरना तुन्हा." तिच्या मनात वाईट नव्हतं. दूध विरजलं नाही म्हणजे बोलतात तितक्याच सहज बोलली. तू तव्यावरची भाकरी उलटवलीस.

त्यानंतर तू बी पेरणं सोडलंस. तेवढ्यावर थांबली असतीस तर मला कळलं असतं. पण तू माझी वेणी घालणंही सोडलंस. फणी घेऊन आले की म्हणायचीस, काकूकडे जा. भाकरी माझ्या हातात न देता टोपलीत ठेवायचीस आणि टोपली पुढे सरकवायचीस. एकदा अंगात कणकण होती म्हणून मी तुझ्या कुशीत शिरले, तर तू मला दोन्ही कोपरांनी दूर लोटलंस. हातांनी नाही, कोपरांनी. तेव्हा मला तो राग वाटला. आपलं काय चुकलं हे दिवसभर शोधत राहायची सवय मला त्याच वर्षी लागली असावी. ती अजून सुटलेली नाही. वर्गाची कडी लावली की नाही हे मी रस्त्यावरून परत येऊन पाहते. मामा आला आणि तू मला त्याच्याबरोबर शिकायला पाठवलंस, तेव्हा गाव म्हणालं, पोरीच्या जातीला शाळा कशाला. आपल्या घरात तोवर कोणी पाटीसुद्धा धरली नव्हती. मी मात्र समजले की मी तुला नको झाले. निघायच्या दिवशी तू मला वाफ्यापाशी नेलंस, जमिनीवर एक चिंधी पसरलीस आणि लांब सरकून उभी राहिलीस. "तूच भर मूठ," म्हणालीस. "मन्हा हात नको." मी मूठभर माती घेतली, गाठही मीच मारली. सारंगखेड्याला नावेत बसताना तू काठावर होतीस आणि दोन्ही हात पदराखाली होते. पुढच्या सुट्टीत मी यायच्या आधीच तापाने गेलीस.

आता दुसरं सांगते. विलायतेत ही लढाई सुरू झाल्यापासून शाळाशाळांतून भाजीपाला लावायचा हुकूम आहे, म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्हा काही शिक्षकांना सरकारी शेतीवर शिकायला बोलावलं होतं. तिथले शिकवणारे साहेब वयस्क होते, सावकाश बोलायचे. त्यांनी वांग्याचं एक खुजं झाड उपटलं, मुळं बादलीत बुचकळली आणि आमच्यापुढे धरली. बाजारात अचानक ओळखीचा चेहरा दिसावा तसं मला झालं. त्याच गाठी, माय. साहेबांनी एक गाठ सुईने फोडली आणि भिंग दिलं. आत खसखशीहून बारीक, पांढरा, मोत्यासारखा कण होता. ती मादी, म्हणाले. तिची पिल्लं सुतासारखी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ओल्या मातीतून सरपटत जातात आणि कोवळ्या मुळात शिरतात. याला सूत्रकृमी म्हणतात. वर्षानुवर्षं एकाच जागी रोपं केली की त्यांचं फावतं. मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं, रोपाबरोबर माती गेली तर? "तर तीच त्यांची बैलगाडी," साहेब म्हणाले. बाकीचे हसले.

तर ही ती गोष्ट. तुझा हात उतरला नव्हता, माय. कधीच नव्हता. तुझ्या हाताचा माझ्या वेणीला, भाकरीला, कपाळाला काही धोका नव्हता. हे अर्धं. उरलेलं अर्धं असं की गावातल्या वावरावावरांत ती कीड गेली ती तुझ्याच वाफ्यातून, तुझ्याच गोळ्यातून. झटकून, उपटून देणाऱ्या बायकांच्या रोपांबरोबर ती गेली असती तरी कमी गेली असती. तू माया केलीस त्या वाटेने ती जास्त गेली. हे मला भिंग हातात धरून उभी असतानाच समजलं. साहेबांनी आणखी एक सांगितलं, तेही लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. या किड्यांचं एक भावंड विलायतेत आहे. तिथल्या साखरेच्या कंदांना आणि बटाट्यांना ते लागतं. त्याची मादी मुळाला चिकटून फुगते, मरते, आणि तिची कातडी वाळून तपकिरी, टणक होते. त्या कातडीच्या डबीत तिची अंडी राहतात, वर्षंच्या वर्षं, कोरडी, जिवंत, आणि जवळ मूळ आलं की मग फुटतात. आपल्या वांग्याचा किडा तो नव्हे, हे मी नीट लिहून ठेवते. उगीच एकाचं दुसऱ्यावर नको. पण मी ते ऐकलं तेव्हा किड्याचा विचार करत नव्हते. मेलेल्या आईच्या आत काय काय राहू शकतं, याचा करत होते.

मला गप्प बसता आलं असतं. पण तू गेल्यावर काकूने रोपं करायला घेतली, तुझ्या जुन्या वाफ्याला लागूनच, आणि देतानाही तुझ्यासारखीच देते, मातीचा गोळा दाबून, पळसाच्या पानात. आपल्या भागात वांगं धड राहिलेलं नाही. तरी रीत म्हणजे रीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले आणि ती भाकरी थापत असतानाच सांगायला बसले. तव्याचीच जागा होती, तूच तेवढी नव्हतीस. मी किड्याचं सांगितलं, भिंगाचं सांगितलं. काकूचे हात पिठात थांबले. "मंग हात चांगलाच व्हता तिना," ती म्हणाली. मग पिठाकडे बघून, "काबर बोलनू मी तिले?" तिने भाकरी टाकली, जाळ पुढे सारला, आणि मला ज्याची भीती होती तेच विचारलं: इतक्या वावरांत गेलं कसं मग? मी पाणी प्याले. मातीबरोबर गेलं, एवढंच म्हणाले. कोणत्या मातीबरोबर ते म्हणाले नाही. काकू शाळेत गेलेली नाही, पण तिला वेळ लागला नाही. "कोणले सांगू नको, पोरी," ती म्हणाली.

मी फार अडचणीत सापडले. सांगितलं नाही तर लोक मातीसकट रोपं लावत राहणार आणि झाडं माना टाकत राहणार. सांगितलं तर जे तुझा हात वाईट म्हणत होते ते आता म्हणणार, तिनेच गावभर पेरलं. तुला एका आळातून सोडवायचं तर दुसऱ्यात घालावं लागत होतं. साहेबांनी सांगितलेलं मी काकूला सांगून ठेवलं, की वाफा दूर, नव्या जागी कर, त्यावर आधी काटक्या-पाचोळा जाळ, गाठ दिसलेलं रोप देऊ नको, बाकीच्यांची मुळं स्वच्छ धू. ती हूं हूं करत राहिली. मी खांडबाऱ्याला परतले आणि रोज ठरवत राहिले की पाटलांना पत्र घालावं, आणि रोज घातलं नाही.

आषाढात सुट्टी जोडून परत गेले तर काकू अंगणात घमेल्यात पाणी घेऊन बसली होती. नवा वाफा चिंचेकडे झाला होता, वर काळी राख दिसत होती. ती एकेक रोप पाण्यात बुडवत होती, बोटांनी मुळं विंचरत होती, गाठ लागली तर चुलीत टाकायला बाजूला, नाहीतर ओल्या पळसाच्या पानात. तुझ्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा रोपं न्यायला आला होता. बापाची थट्टा त्याला ठाऊक होती. पानात नुसती उघडी मुळं बघून म्हणाला, "काकू, माहेरनी माटी कोठे गयी?" काकूने मान वर केली नाही. "नवरी न्हाईधुईसन सासरे जास," ती म्हणाली. "आमनी बाई सांगी गयी." तो म्हणाला, "बाईनं सांगं व्हतं, मंग खरं शे," आणि पानं टोपलीत रचू लागला.

तू असं कधीच सांगितलं नव्हतंस, माय. तू तर बरोबर उलटं सांगितलं होतंस. मी तिथे होते, मला खरं माहीत होतं, आणि मी ती टोपली त्याच्या डोक्यावर द्यायला हात लावला. आता म्हणे सारंगखेड्याच्या बाजारातही बायका तुझ्या नावाने मुळं धुतात. या खोट्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्या नावावर जे चाललं आहे ते तुला कळलेलं असावं, एवढ्यासाठी हा कागद.

तुझी ती मातीची पुरचुंडी माझ्याकडे आहे, पेटीच्या तळाशी, पत्र्याच्या डबीत. साहेबांना विचारलं होतं. इतकी वर्षं कोरडी माती, तीत आता काही जिवंत नसेल, म्हणाले, तरी शंका असेल तर तव्यावर भाजून टाका. मागच्या महिन्यात तवा चुलीवर ठेवला, तापू दिला आणि माती न टाकताच उतरवला. डबी मी शाळेच्या वाफ्यापासून लांब ठेवते. कधी उघडली तर साबणाने कोपरापर्यंत हात धुते, नखांत काडी घालून. आज सकाळी उघडली, माती तळहातावर घेतली, परत गाठ मारली आणि लिहायला बसले. कागदावर डावीकडे जो डाग दिसतो तो त्याचाच आहे. हात मी अजून धुतलेले नाहीत.