सुहैलाची दाढ आणि माझं जनुक

४ ऑक्टोबर, तांता
जनुक उडवलं! दात किडवणाऱ्या जंतूला साखर आत घ्यायला जे दार उघडून देतं, तेच काढून टाकलं. आता साखर आत जाणार नाही, दातावर चिकट थर बसणार नाही. वर्षभरात यावरून औषध. दंतवैद्यांनी दुसरा धंदा शोधावा.

७ ऑक्टोबर
सुहैलाची दाढ दुखते. सहा वर्षांची पोर, जत्रेतली मिठाई दिवसभर तोंडात. बायको इनास म्हणते, मग्दीकडे न्या. मग्दी! शाळेत माझं बघून लिहिणारा, आता दंतवैद्य! दातकिडीचा अंत ज्या घरात होतोय, तिथली पोर त्याच्या खुर्चीत? लवंग लावली.

११ ऑक्टोबर, दुपार
थर आला. मूळ जंतूच्या थरापेक्षा जाड. थर दिसावा म्हणून लावलेला जांभळा रंग धुतला तरी जाईना. पाणी खराब असणार. माझी विद्यार्थिनी विग्दान म्हणाली, सर, हे जनुक दार नसेल, दाराची कडी असेल. काढल्यावर साखर जास्तच आत जात असेल. तिला काचसामान धुवायला लावलं.

१४ ऑक्टोबर
पुन्हा केलं. आणखी जाड. रंग नवीन मागवला. सुहैला नीट जेवत नाही. इनास माझ्याशी बोलत नाही. शांतता कामाला चांगली.

१६ ऑक्टोबर
सुहैलाचा गाल सुजला. मी म्हटलं, सूज म्हणजे शरीर लढतंय. शेवटी इनास बोलली: "जंतूंना वेळेवर खायला घालता. पोरीच्या पोटात कालपासून घास नाही." उद्या नक्की नेतो. उद्या मोजमाप आहे. परवा.

१७ ऑक्टोबर
सकाळी ताप, सूज डोळ्यापर्यंत. इनास माझ्यासाठी थांबली नाही, भावाच्या गाडीतून घेऊन गेली. मी मागून टॅक्सीने पोचलो. मग्दीने पू काढला, दाढ काढली. म्हणाला, "अजून थांबला असतास तर अवघड होतं रे." बाकी काही नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२१ ऑक्टोबर
विग्दानने आत जाणारी साखर मोजली. दुप्पट. कडीच होती, आणि काढली मी. तिला म्हटलं, मलाही तीच शंका होती. ती काचसामान धुवायला गेली.
घरी सुहैलाला म्हटलं, आ कर बाळा, जखम बघू दे. तिने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "बाबा, तू नको. मग्दीकाका डॉक्टर आहेत."
मीही डॉक्टर आहे. पीएच.डी. सांगणार होतो. नाही सांगितलं.