तुमचा मान मोडू का?

हॅरो, ३ मार्च २०२५

प्रिय देवयानी,
स. न. वि. वि.

कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेच्या वेळी सिस्टर आपल्या पाठीला फूटपट्टी लावायच्या आणि तू तरीही पोक काढायचीस, ते आज आठवलं. निमित्त तुझी दुखरी मान. माझी नात अनुष्का कायरोप्रॅक्टरची शेवटची परीक्षा पुन्हा देतेय आणि तिला खरा पेशंट हवाय. कॉलेजनं अभ्यासक्रम बदललाय. पूर्वी मणके हातानं कसे मोकळे करता, एवढंच बघत. आता पेशंटला त्याच्या भाषेत समजावून परवानगी मागायची, कुणाला हात लावायचा नाही तेही ओळखायचं. मार्क पेशंटही देणार! मागच्या वेळी घाई केली म्हणून नापास झाली. यंदा गेली तर कोर्स सोडीन म्हणते. जाशील ना?

लोभ आहेच, तो मानेसकट सांभाळ.
तुझी सुलक्षणा

वॉटफर्ड, २२ मार्च

प्रिय सुलू,
स. न. वि. वि.

मी पोक काढत नव्हते, उंच होते. असो. तुझ्या नातीनं हात धुतले आणि अदबीनं विचारलं, देवयानीआजी, तुमचा मान मोडू का? अगं, स्त्रीलिंगी असती तर जीव गेला असता, पुल्लिंगी निघाला म्हणून नुसता अपमान झाला! मी इतकी हसले की टेबलावर उठून बसताना भोवंडले. पोरीचा चेहराच बदलला. चक्कर कधीपासून येते, नीट दिसतं का, जीभ अडखळते का, सगळं विचारलं आणि म्हणाली, आज हात लावणार नाही, आधी जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, दाखवा. मी म्हटलं, अगं, तुझी परीक्षा! तर म्हणाली, होऊ दे नापास. मग बाहेर जाऊन रडली. परीक्षक म्हणाले, काही केलंच नाही तर मार्क कशाचे? मी माझ्याकडचे सगळे दिले आणि खाली लिहिलं, व्याकरणाचे हवे तर कापा.

जीपीनं रक्तदाबाची गोळी बदलली. आता घर फिरत नाही. निकाल लगेच कळव, तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी उंच मैत्रीण,
देवयानी

हॅरो, ५ एप्रिल

प्रिय देवयानी,
स. न. वि. वि.

पास! परीक्षकांनी शून्य दिलं होतं, पण कॉलेजनं नव्या नियमानं तुझे मार्क धरले. हात न लावणं हेच बरोबर उत्तर होतं म्हणे. अनुष्का आता मराठीच्या क्लासला जाते.

अशीच हसत राहा, बसून.
तुझी सुलू

ता. क. सोबत डबे आहेत. करंज्या जीपीच्या रिसेप्शनिस्टला. त्याच दिवशी अपॉइंटमेंट देणारी बाई जपायला हवी. लाडू तुला. चकल्यांचा डबा अनुष्का परीक्षकांना देईल. झाकण फार घट्ट बसलंय, पण उघडून देऊ नकोस म्हटलंय. हात लावायची त्यांनाच हौस.