पंख्यांच्या शेअरचा डिसेंबरमधला भाव

३ ऑक्टोबर
साहेबांची हेड अकाउंटंटची खुर्ची ३१ डिसेंबरला रिकामी होणार. लायक माणूस ऑफिसात एकच. नम्रपणामुळे नाव लिहीत नाही.
माझ्या सल्ल्याने आपल्या कंपनीने आज एका पंखे बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. भाव शंभर. वर्षअखेरीला (मूळ कंपनी परदेशी, म्हणून आमचं हिशोबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं) ते शेवटच्या दिवसाच्या बाजारभावाने वहीत मांडायचे. जो फरक पडेल तो वर्षाच्या नफ्यात धरायचा की नफ्याला हात न लावता थेट रिझर्व्हला न्यायचा, हे घेतानाच लिहून द्यावं लागतं. मग बदलता येत नाही. शेजारच्या टेबलावरचा थर्मास (बाहेरून थंडगार, आत काय उकळतंय देव जाणे) म्हणाला, रिझर्व्हला न्या, सेफ असतं. मी नफ्यात लिहिलं. फायदा होणारच आहे, तर लपवायचा कशाला?

११ ऑक्टोबर
भाव १०४. साहेब जेवायला गेले असताना त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. पाठ टेकते.

६ नोव्हेंबर
भाव ८८. शेअर दम खातोय. थर्मास विचारतो, थंडीत पंखे कोण घेणार? असल्या कोत्या विचारांमुळेच माणूस बारा वर्षं एका टेबलावर राहतो. (मी चौदा. पण माझी गोष्ट वेगळी.)

१९ नोव्हेंबर, सकाळ
भाव ७१. हातावर हात धरून बसणं आपल्या रक्तात नाही. त्यांची विक्री वाढली की भाव वाढणार. साधं गणित.
संध्याकाळ
दोन टेबलफॅन आणले. बायकोने स्वेटरच्या बाह्या खाली ओढत विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना. म्हटलं, वरच्या पातळीवरचे निर्णय आहेत.

२ डिसेंबर
भाव ६३. आणखी तीन घेतले. एक सासूबाईंच्या वाढदिवसाला दिला. मेहुण्याचा फोन आला. आभार नाहीत, उलट आईला सर्दी झाल्याची तक्रार. घेणाऱ्याची दानतच नाही.

१५ डिसेंबर
भाव ५८. ऑफिसात कुणीतरी पसरवलंय की या शेअरने वर्षाचा नफा खाल्ला तर कुणालाच बोनस नाही. टायपिस्टबाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना माझ्या टेबलावर मी एकटाच. हेडला थोडं अंतर ठेवावंच लागतं.

२६ डिसेंबर
ऑडिटरबाई आल्या. त्यांना शांतपणे समजावलं की पंख्याचा थंडीतला भाव हा भावच नव्हे, आपण मे महिन्यातला धरू, मी हिशोब केलाय, ११० येतो. त्यांनी विचारलं, कुठल्या वर्षीचा मे. म्हटलं, येणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, बाजारात भाव लागतोय ना, मग तोच धरायचा. तुमची खात्रीही बाजारात कुणी घेत असेल तर कळवा, तिचाही भाव लावू. पुस्तकी शिक्षण, दुसरं काय.

३० डिसेंबर
भाव ५२. ऑफिसात स्वखर्चाने पेडेस्टल फॅन आणून लावला. लोकांना सवय लागली तर घरोघरी मागणी. व्हाउचरं उडाली. थर्मासने प्लग काढला.

३१ डिसेंबर, दुपार
साहेबांना निरोप दिला. जाताना म्हणाले, नवीन हेड दोन तारखेला चार्ज घेतील, तोपर्यंत तुम्ही सांभाळा. नाव घेतलं नाही. समजणाऱ्याला इशारा पुरतो. खुर्चीत बसलो.
संध्याकाळ
बाजार बंद. भाव ४१. तोट्याची एंट्री मीच केली. वर्षाचा नफा साफ झाला, सगळ्यांचा बोनस गेला. ऑडिटरबाई म्हणाल्या, खाली हेडची सही हवी. इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. केली.

२ जानेवारी
थर्मासची ऑर्डर लागली. तो खुर्चीत बसला, मी पेढा खाल्ला.
घरी बायकोने विचारलं, म्हणजे तुम्ही हेड झालातच नाही? सांगितलं, झालो होतो, परवा दुपारपासून. हेड म्हणून काय काम केलंत, विचारलं. एक सही केली म्हटलं. कशावर, तेही तिने विचारलं. सांगितल्यावर ती हसली नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.