चमचा उचलताना भरलेली उसण

मरुंगा, न्यू साउथ वेल्स
रविवार, दुपारच्या जेवणानंतर

ती. डल्सीताईस,

क्लेमचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगातला आडवं होण्याचा भाग मला सध्या फार छान जमतो. उठण्याचा भाग नोरीनला हाक मारून पार पाडावा लागतो.) तुझा गुडघा कसा आहे? बॅलरॅटला अजून थंडी असेल, तेव्हा कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणून त्यांना टाकून बोलू नकोस. तू बत्तीस वर्षं शाळेत पोरांना टाकून बोललीस, त्याने कोणाचं गणित सुधारलं होतं? इकडे सर्व क्षेम. नोरीन मजेत, कुत्री मजेत, आणि माझी प्रकृती तर ठणठणीत. नोरीनने फोनवर तुला काही वेगळं सांगितलं असेल तर तो तिचा स्वभाव. जे घडलं ते अगदी किरकोळ होतं, म्हणूनच सविस्तर लिहितो.

तुला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरतो आहे. साठ किलोचं, लाथा झाडणारं जनावर ओढत आणायचं, बुडावर बसवायचं, गुडघ्यांत धरायचं आणि कमरेत दुमडून मशीन फिरवायचं. हे दिवसाला दोनशे वेळा. एवढ्या वर्षांत माझ्या कमरेने कधी हूं की चूं केलं नाही (फार तर हूं केलं असेल). आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, लोकर कातरायच्या शेडवर सकाळच्या चहाच्या सुट्टीत, माझ्या हातून चमचा पडला. साखरेचा, एवढासा. मी तो उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. कमरेत अशी उसण भरली की ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. माझ्यासमोर फक्त माझे बूट आणि तो चमचा. आचारी पर्सी म्हणाला, "राहू दे रे क्लेम, चमचे पुष्कळ आहेत." त्याला वाटलं मी चमच्यासाठी अडून बसलोय.

खरा प्रकार कळल्यावर पर्सीनेच उपाय सुचवला. त्याच्या आजीने म्हणे पाठी तुडवून अर्धा जिल्हा बरा केला होता. मला लोकरीच्या गठ्ठ्यावर पालथा घातला आणि पर्सी बूट काढून माझ्या पाठीवर चढला. आजी चाळीस किलोची होती, ही माहिती त्याने उतरल्यावर दिली. पर्सी एकशे आठ आहे. मग मला घरी पोचवलं, तिथे नोरीनने कपाटातून घोड्याचं मलम काढलं. बाटलीवर लिहिलं होतं, लावल्यानंतर जनावराच्या मागे उभे राहू नये. नोरीन वाचायच्या आधी लावते. कपबशी मी मुद्दाम फोडली नाही ताई, पाय आपोआप गेला.

त्यानंतर पाच दिवस मी निजून काढले. गादीखाली फळी घातली होती, कारण बाबांच्या गादीखाली असायची. आणि खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत बाबाच डोळ्यांसमोर होते. आठवतं ना, शेवटची आठ वर्षं त्यांची पाठ सरळच झाली नाही. रस्त्याने जाताना लोकांना ते बुटांवरून ओळखायचे. तुझ्या लग्नातल्या फोटोत तेवढे एक खाली बघतायत, आणि सगळ्यांना वाटतं लेक चालली म्हणून बापाला वाईट वाटतंय. मी त्रेपन्नचा आहे. ते वाकले तेव्हा बावन्नचे होते. हे मी नोरीनला बोललो नाही, पण सहाव्या दिवशी मला पायमोजासुद्धा घालता येईना तेव्हा तिनेच तो घातला, आणि दोघंही गप्प होतो. (आम्ही दोघं एकाच वेळी गप्प असण्याचा हा आमच्या संसारातला दुसरा प्रसंग. पहिला चर्चमध्ये, पाद्री बोलत असताना.)

सातव्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं. पुढच्या सीटवर आडवा मावेना म्हणून पिकअपच्या मागच्या हौद्यात, कुत्र्यांमध्ये. मुख्य रस्त्यावर लोक हात करत होते. कुत्र्यांना करत होते की मला, ते झोपल्या जागेवरून कळलं नाही. डॉक्टरने दोन मिनिटं पाहिलं आणि फिजिओबाईंकडे पाठवलं. लान नाव तिचं. माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि आवाज असा की मेंढ्या रांगेत लागतील. आल्याआल्या नोरीनसमोर विचारते, पायांत मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, लघवीला काही अडतं का. मी म्हटलं, अडत नाही, पण आता अडेल. तिने ते लिहून घेतलं नाही. मग पाय उचल, टाच टेक, असं करून झाल्यावर म्हणाली, "काका, काही मोडलेलं नाही. स्नायू धरलाय. आता सांगा, व्यायाम काय करता?"

"बाई, मी दिवसाला दोनशे मेंढ्या कातरतो."

"ते काम झालं. व्यायाम?"

"शेडवर जायला दोन तास गाडी चालवतो. यायला दोन तास."

"म्हणजे दिवसभर वाकायचं, मग दोन तास बसायचं. आणि घरी आल्यावर?"

"बसतो. दमलेला असतो माणूस!"

"काका, तुम्ही हलता भरपूर, पण सगळं पुढच्या बाजूला. मागे कधी वाकता?"

मी म्हटलं, मागे जायचा माझा स्वभाव नाही. त्यावर नोरीन इतकी हसली की लानने तिला पाणी दिलं.

निकाल असा लागला की पाच दिवस निजून राहणं हाच सगळ्यात मोठा गाढवपणा. दर तासाला उठून दहा मिनिटं चालायचं, गरम पाण्याची पिशवी ठेवायची, घोड्याचं मलम घोड्याला द्यायचं. दुखणं थोडं उतरलं की व्यायाम. मी गावात चालायला लागलो. मरुंग्यात पायी चालणारा पुरुष लोकांनी बघितलेला नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं की पोलिसांनी माझा गाडीचा परवाना काढून घेतला. तिसऱ्या दिवशी झालं की नोरीनने घराबाहेर काढलं. चौथ्या दिवशी दोन भल्या बायकांनी मला वाटेत गाठून गरम सूप दिलं. (मी घेतलं. चांगलं होतं. खुलासा उद्या करू म्हटलं.)

व्यायामाची तर वेगळीच कथा. एक असा आहे की हातापायांवर ओणवं व्हायचं, आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे ताणून धरायचा. दहा मोजायचे, मग उलट. मी हा बैठकीच्या खोलीत करत होतो आणि आमचं म्हातारं कुत्रं शेजारी उभं राहून पाहत होतं, आपण कुठे चुकलो अशा चेहऱ्याने. तेवढ्यात शेजारचा आयव्हर पॅस्को आला. वय एकोणसत्तर, अजून गोल्फ खेळतो, वाकायला नेहमी तयार. दारातून म्हणाला, "काय हरवलं रे?" मी आठ मोजत होतो, बोललो नाही. तो बिचारा गुडघ्यांवर बसला, सोफ्याखाली पार खांद्यापर्यंत हात घातला, आणि आतून म्हणाला, "क्लेम, मला वाटतं मी अडकलो." सोफा नाही ताई, कंबर. नोरीन बाजारातून आली तेव्हा खोलीत दोन पुरुष जमिनीवर होते आणि कुत्रं सोफ्यावर. आता सकाळी आम्ही दोघं चालतो. गावाचं म्हणणं, दोघांचेही परवाने गेले.

गेल्या सोमवारी शेडवर परत गेलो. तुला हेमी माहीत नसेल. न्यूझीलंडहून आलेला माओरी गडी, तिशीचा, माझ्या शेजारच्या जागेवर कातरतो. तो छपराला स्प्रिंगने टांगलेल्या पट्ट्यावर छाती टेकवून काम करतो, म्हणजे धडाचा भार पट्टा घेतो, कंबर मोकळी राहते. चार वर्षं मी त्याला रोज सकाळी "बाळ पाळण्यात निजलं का?" असं विचारत आलोय. एकदा तर पट्ट्याला खुळखुळासुद्धा बांधला होता. त्या सोमवारी माझ्या जागेवर जाऊन बघतो तर वर दुसरा पट्टा लटकलेला. हेमी स्वतःच्या मशीनला तेल घालत होता, मान वर न करता.

मी म्हटलं, "हे कोणाचं?"

"जास्तीचा आहे."

"मला नको."

"नको तर नको, दादा. लटकू दे."

पहिल्या दहा मेंढ्या मी तशाच कातरल्या. अकरावीला कमरेने आठवण करून दिली. मी बाजूला बघितलं. शेडमधल्या सगळ्यांना एकदम आपापल्या मेंढीत फार रस वाटू लागला होता. मी पट्ट्यात शिरलो. ताई, मला वाटलं होतं आता खुळखुळा वाजेल. कोणी हसलं नाही. संध्याकाळी एकशे चार मेंढ्या झाल्या, म्हणजे माझ्या नेहमीच्या निम्म्या, पण बुटांची नाडी मी स्वतः सोडली. हेमीला म्हटलं, चार वर्षं मी मूर्खासारखं बोललो. तो म्हणाला, "हो. पण आवाज चांगला आहे तुझा, वेळ जायचा."

तेव्हा काळजी नसावी. महिन्याभरात मी पुन्हा दोनशेवर येतो की नाही बघ. लान म्हणते येऊ शकाल, पण यायलाच हवं का? लहान माणसांचे प्रश्न फार मोठे असतात. गुडघ्याला जप, आणि चाल. निजून राहू नकोस.

तुझा, त्रेपन्नाव्या वर्षापासून आज्ञाधारक असलेला भाऊ,
क्लेम

ता.क. एक बारीकसं काम होतं. डब्बो गावाच्या रस्त्यावर लोकर कातरायला शिकवणारी शाळा निघाली आहे, त्यांना शिकवायला जुना माणूस हवा आहे. अर्ज सोबत ठेवला आहे. मला काही त्याची गरज नाही, सहज. तू मास्तरीण, तू भरलास तर स्पेलिंग बरोबर येतील.

ता.ता.क. 'अर्ज करण्याचे कारण' या रकान्यात काहीही लिही, कंबर सोडून. आणि यातलं नोरीनला काही कळता कामा नये. पत्र तिलाच टपालात टाकायला देतोय, पण पाकीट चिकटवून.

(पाकिटाच्या मागच्या बाजूस, दुसऱ्या अक्षरात:)

डल्सी, आपलं फोनवर ठरलं तसा त्याचा अर्ज मी मागच्याच आठवड्यात पाठवला. कारण 'कंबर' असंच लिहिलं. शाळेचं उत्तर आलं, असाच माणूस हवा म्हणाले, पुढच्या महिन्यात बोलावलंय. त्याला सांगितलेलं नाही. तू हा अर्ज भरून त्यालाच परत पाठव, छान अक्षरात. नोकरी त्याने माझ्यापासून लपवून मिळवली, असं त्याला वाटलं पाहिजे. नोरीन.