धुराड्याजवळचा घास

नागभीड,
६ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. मंजुषाबाईंस,
वच्छलाचे अ. उ. आ. वि. वि.

एसटीने पाठवलेले सामान पोचले. पत्र्याचा पाईप एक, आईंच्या दम्याच्या गोळ्या, अर्धा किलो खारका. हमाली चार रुपये पडली. पाईप जुन्याहून दोन बोटे अरुंद निघाला, पण परत धाडायचा तर पुन्हा भाडे, म्हणून ठेवून घेतला.

मागचे पत्र घाईत लिहिले होते. पितरमोक्ष अमावस्येला मामंजींचा घास मी छपराच्या कवेलूंवर धुराड्याजवळच ठेवला, तिथवर हात पोचतो म्हणून. कावळा आला नाही, वानरे आली. त्यातली दोन धुराड्यावरच बसली आणि गंजलेला पाईप मधूनच मोडला. आई म्हणतात, बुढ्यानंच पाडलं, जित्तेपणी बी त्याले हे धुराडं आवडे नाई. हसतात आणि हसता हसता खोकत बसतात.

तेव्हापासून धूर घरातच फिरतो. आई छपरीत निजतात. तुमचे भाऊ मुलचेऱ्याला नोकरीवर, दिवाळीशिवाय सुटी नाही. मीच शिडी लावून नवा पाईप जुन्या खुंटात घातला, फट शेणमातीने लिंपली. चूल पेटताच माती वाळून भाजीत पडली. ती भाजी मीच खाल्ली. आईंना वरण-भात केला. थकले आहे, बाई. देव पाहतो आहे, एवढेच.

भाचरांना पापा. माया आहे तशी ठेवा.

तुमची वहिनी,
वच्छला

---

चंद्रपूर,
९ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. वच्छलावहिनींस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग झोप लागली नाही. वानरे जेवू घातल्याचे पुण्य तुम्हाला लागेलच, पण धूर आईच्या छातीत जातो आहे. तुमच्या करण्यात कमी आहे असे नाही, वहिनी. माझ्याकडे गॅस आहे, एवढेच. हे रविवारी, १९ तारखेला येतील आणि आईला कायमची इकडे घेऊन येतील. तिची पिशवी भरून ठेवा. तुम्हालाही जरा पाठ टेकता येईल.

राग धरू नका. जीव लावता तसाच लावा.

तुमची,
मंजुषा

---

नागभीड,
१४ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. मंजुषाबाईंस,
अ. उ. आ. वि. वि.

खरे सांगते, तुमचे पत्र वाचून मला आधी बरेच वाटले. पिशवी लगेच भरली. लुगडी, जपमाळ, गोळ्या. आई पाहत होत्या.

त्याच दिवशी बाजारातले बशीरभाई टिनवाले आले. माझे लिंपण पाहून म्हणाले, बाई, धुराडं आहे हे, आंगण नाई सारवाले. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी जोडावर पट्टा चढवला, रिबिटा ठोकल्या, पाईप तारेने वाशाला आवळला. मजुरी पस्तीस, डबा घरचा. आता धूर सरळ वर जातो. आईंचा खोकलाही कमी झाला आहे.

काल सकाळी आई घरात दिसेनात. गोठ्यामागे गेले तर काठी टेकून उभ्या. पितृपक्ष संपून इतके दिवस झाले तरी गोठ्याच्या कवेलूंवर भाताचा घास ठेवलेला. मामंजींना सांगून राहिल्या होत्या,

"इथीच जेवा. तिकडं धुराड्याकडं नोका जाऊ. ते पडलं तं हे मले चांद्याले लेकीकडं धाडतेत."

पक्षाबाहेर असा घास ठेवणे शास्त्रात बसत नाही. मी घास तिथेच राहू दिला. घरात येऊन पिशवी रिकामी केली, तरी आज सकाळीही आई घास घेऊन तिथे गेल्याच.

जावईबापूंना रविवारी जरूर येऊ द्या, पण पाहुणचाराला. मनात किंतु नको, तुमची माया आईंना ठाऊक आहे. एवढे करा, आईंना न्यायचे नाही अशा दोन ओळी उलट टपाली धाडा. मी त्यांना वाचून दाखवीन, म्हणजे रोज सकाळी गोठ्यामागे जायच्या थांबतील.

तुमची,
वच्छला