मानेत मोडलेली रोपं

पनवेल, गुरुवार संध्याकाळ

सोमवारी सकाळी पूजा आटोपून देवाचं पाणी टोमॅटोच्या रोपांना घातलं. दारची तुळस वाळल्यापासून तसंच करतोय. ते पाणी मोरीत कसं ओतायचं? तेव्हाच दिसलं, चार रोपं मानेत मोडून आडवी पडली होती.

बिया माझ्या बायकोच्या, विमलच्या. जाण्याआधी तिने राखेत चोळून पुडीत ठेवलेल्या, शेवटच्या. अकरा उगवल्या तेव्हा घरात कुणी आल्यासारखं वाटलं होतं. वारा लागू नये म्हणून रोपांचा खोका देवघराखालीच ठेवला. आज सकाळी तीनच रोपं उभी होती.

करंजाड्याच्या भाजीवाल्या हौसाबाई दारावर आल्या, त्यांना दाखवलं. त्यांनी मातीत बोट घातलं.

"भाऊ, हा तर चिखल झालाय. ऊन नाय, वारा नाय, वर रोज पाणी. मान मोडणार नाय तर काय?"

"देवाचं पाणी होतं."

"देवाला कशाला मधी घेता? घातलंत तुमी."

दिवसभर तेच डोक्यात आहे. विमलच्या आजारपणातही मी खिडकी लावून घ्यायचो, तिला थंडी बाधू नये म्हणून. ती म्हणायची, "अहो, जरा उघडा ना." मी उघडली नाही. काळजी होती की माझी भीती? देवालाच ठाऊक. नाही, मलाही ठाऊक आहे.

संध्याकाळी हौसाबाई वाडीकडे परतताना तिन्ही रोपं मातीसकट त्यांच्या टोपलीत ठेवली.

"एक तरी राहू द्या घरात," त्या म्हणाल्या.

एकही ठेवलं नाही.